गावाकडच्या खिडक्या

१२ जुलै १९९८, सांगली

नानासोंनी आज सरळच सांगितलं. "वहिनी, पुठ्ठ्याचं मॉडेल आता कुणी मागत नाही. लोकांना कॉम्प्युटरवर घरात शिरून बघायचं असतं."

त्यांच्या आर्किटेक्ट ऑफिससाठी मी वीसेक वर्षं इमारतींची मॉडेल करते आहे. पुठ्ठ्याच्या भिंती, थर्माकोलच्या पायऱ्या, रंगवलेल्या भुशाची हिरवळ, स्पंजची झाडं. मी म्हणाले, "मग मी ते शिकते." नानासो हसले असते तर बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी एक काम दिलं. पाटणच्या पुढे एका वस्तीत बुद्धविहार बांधायचा आहे. दसऱ्याला पायाभरणी. त्याआधी विहार समितीला आतलं चित्र दाखवायचं. जमलं तर पुढची कामंही माझी, नाही तर सगळं पुण्याला जाईल.

हंबीरराव म्हणाले, "छप्पन्नाव्या वर्षी भरती? मेडिकलमध्येच नापास होशील." (तोंडाने मी ‘अहो’ म्हणते, डायरीत मात्र कधी कधी यांना नावाने लिहिते. हे फौजेतून मेजर होऊन परतले, विनोदही तिथलेच घेऊन आले.)

कामाची भीती आहेच. पण खरी भीती फक्त इथे लिहिते. आईचं विसरणं साधारण माझ्या या वयात सुरू झालं. उंब्रजच्या घरी शेवटी शेवटी ती मला विचारायची, "बाई, कुनाकडं आलाय तुमी?" नवीन शिकायला बसलं की आपलं डोकं किती शिल्लक आहे ते कळतं. मला ते कळून घ्यायचं नाही.

१९ जुलै

क्लासात सगळी कॉलेजची मुलं. शिकवणारी अक्षता माझ्या भाचीच्या वयाची आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, माऊसला घाबरू नका, तोच तुम्हाला घाबरलाय. किती घट्ट धरलाय बघा."

पडद्याचे चार भाग असतात. एकात वस्तू वरून दिसते, एकात समोरून, एकात बाजूने आणि चौथ्यात कॅमेऱ्यातून. चारही मिळून एकच वस्तू. हुकूम सगळे उजव्या कडेला उभ्या पट्टीत. आधी रेघांची जाळी करायची, मग तिला रंग, उजेड द्यायचा आणि ‘रेंडर’ म्हणायचं. मग यंत्र वरून खाली एकेक ओळ रंगवत येतं. मी आज एक खोकं केलं. खोक्याची सावली जमिनीवर पडली तेव्हा अंगावर काटाच आला. नसलेल्या खोक्याची सावली!

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. चित्राच्या तासाला त्या आधी बोटाने हवेत चित्र काढायला लावायच्या. वर्गभर मुलींचे हात हवेत, धुकं खिडकीतून आत आलेलं, आणि सिस्टर रांगांमधून फिरत, "क्रांती, युवर हाऊस हॅज नो डोअर." हवेतल्या घराला दार नाही हे त्यांना कसं दिसायचं, देव जाणे. वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत असताना माझा जन्म झाला, म्हणून हे नाव ठेवलं. आणि त्यांनीच पुढे मला गोऱ्या सिस्टरांच्या हवाली केलं. या गोष्टीवर आई आयुष्यभर हसली.

२ ऑगस्ट

खुर्ची केली. अक्षता म्हणाली, "काकू, दोनच पाय?"

मी चार केले होते. मला चांगलं आठवतंय. तिने बोट ठेवलं तिथे नीट बघितलं तर खरंच दोन पाय नव्हते. ती म्हणाली, "मिरर करायचं राहिलं असेल, सगळ्यांचंच राहतं." एका बाजूचे पाय केले की त्यांची आरशातली प्रत दुसऱ्या बाजूला उमटवता येते, त्याला मिरर म्हणतात. तिने दोन कळा दाबून खुर्ची उभी केली.

मी केले होते ते पाय कुठे गेले? मधे लाइट गेली होती, त्यात पुसले गेले असतील.

११ ऑगस्ट

रंगुबाईवर ओरडले आणि आता वाईट वाटतंय. किती वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला आहे ती. हल्ली रोज माझ्या ताटात ठेचा वाढायला विसरते, कोशिंबीर नाही, मीठसुद्धा नाही. आज म्हटलं, "रंगुबाई, मी या घरात जेवते की नाही?"

"आवं बाई, वाढलाय की! रोजच वाढती. तुमीच तोंड लावत न्हाई, तसाच ऱ्हातोय."

हंबीरराव म्हणाले, "हा काय, समोर तर आहे." होता. ताटाच्या डाव्या अंगाला, मिठाशेजारी, नेहमीच्या जागी. मी ओरडल्यावर तिने गुपचूप वाढला असणार. तसं मी कुणाला म्हटलं नाही.

दुपारी कोपराला तेल लावलं. न्हाणीघराच्या दाराची चौकट पुन्हा लागली, पुन्हा डावा कोपर. डोक्यात सारखं ते क्लासचं.

२३ ऑगस्ट

आता मी नानासोंच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर बसते. विहाराचा नकाशा साधा आणि सुंदर आहे. लांब दालन, समोर बुद्धमूर्तीचा चौथरा. दारातून आत आलं की उजव्या भिंतीत पाच खिडक्या, त्या नदीकडे. डाव्या भिंतीत पाच, त्या गावाकडे. भिंतीतून खिडकी कापताना आधी खिडकीच्या मापाचं खोकं भिंतीत घुसवायचं आणि मग ते वजा करायचं. भोक उरतं. मला हे फार आवडलं. पुठ्ठ्यात कटर घसरून बोट कापायचं.

अक्षताची परीक्षा आहे, ती कोल्हापूरला गेली. सप्टेंबरच्या मध्याला येईल. जाताना म्हणाली, "आता तुम्हाला माझी गरज नाही." तिला काय माहीत! ती बाजूला बसलेली असते तेव्हा मी आईसारखी होत नाही.

४ सप्टेंबर

स्टँडजवळ एक रिक्षा अंगावरच आली. कुठून आली कळलंच नाही. रिक्षावाला ओरडला, "मावशी, डोळं घरी ठेवून आला काय?" सगळे बघायला लागले. घरी येऊन पाणी प्यायले तर पेला हातातून सुटला.

यांना सांगितलं नाही. सांगितलं तर डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे ते नाव उच्चारणं. आईला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेऊन आणलं, त्यानंतर घरात कुणी तिला काही विचारेनासंच झालं. भाजी कुठली करायची हेसुद्धा.

रात्री झोप नाही.

१० सप्टेंबर

चित्र झालं! पाऊण तास रेंडर चाललं. खिडक्यांतून येणारा उजेड जमिनीवर तिरका पडला आहे. अगदी दुपारी चारचा वाटतो. मी खुर्चीवर बसून रडले.

समिती रविवारी येणार. नानासो कुरकुरत होते, "पितृपक्षात कशाला शुभकामाचं चित्र दाखवायचं?" समितीचे प्रबुद्ध कांबळे पाटणला हायस्कूलवर शिक्षक आहेत. ते फोनवर म्हणाले म्हणे, "साहेब, आमच्या कॅलेंडरात तो पंधरवडाच नाही. रविवारी येतो."

१३ सप्टेंबर, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या आठवलं नाही तर इथे असेल.

मी कॉम्प्युटरपाशी बसले होते. प्रबुद्धसर नानासोंशी बोलून आत आले, "जयभीम मॅडम" म्हणाले, माझ्या उजवीकडे बसले. नानासो मागे उभे. आक्काताईही येणार हे मला माहीत होतं. विहारासाठी जागा त्यांनी दिली आहे, घराशेजारची, होती तेवढी सगळी. मी आदराने विचारलं, "आक्काताई नाही आल्या?"

प्रबुद्धसरांनी मागे वळून नानासोंकडे बघितलं.

मग कानाशीच आवाज आला, "म्या काय भूत हाय व्हय?"

मी इतकी दचकले की खुर्ची सरकली. एक म्हातारी बाई माझ्या डाव्या हाताला, अगदी खेटून बसली होती. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात पिशवी. कधी आल्या? मी म्हटलं, "माफ करा हं, आत्ताच आलात का?"

"तुमच्या आदी आले. तुमी बसायच्या आदी हितंच बसले. तुमी आला, माज्या अंगावरनं नजर बी न्हाई फिरली. आसू द्या. आमाला सवय हाय."

नानासो घाईने म्हणाले, "वहिनी, चित्र दाखवा." मी चित्र उघडलं. मला वाटलं, ते बघून सगळं ठीक होईल. प्रबुद्धसर पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, गावाकडच्या खिडक्या का काढल्या?"

"काढल्या नाहीत. या बघा की," म्हणून मी एकेक खिडकी मोजून दाखवली.

"त्या नदीकडच्या. मी गावाकडच्या म्हणतोय."

मला कळेना हे काय विचारतात. मी पुन्हा त्याच मोजल्या. आता वाटतं, मी त्यांची थट्टा करते आहे असंच त्यांना दिसलं असेल. आक्काताई उठल्या. त्या उठून माझ्यासमोर आल्या तेव्हा कुठे त्यांचा चेहरा नीट दिसला. रागाने नाही, कशाने तरी थकलेला.

"बाई, माज्या सासऱ्यानं घराची गावाकडची खिडकी बुजिवली व्हती. दगडं यायची म्हणून. म्या नवरी हून आले ती आंधारात आले. ही जागा कशापायी दिली म्या? ह्या पाच खिडक्यांपायी दिली. आन् तुमी पुन्ना भित घातली व्हय?"

"आक्का, चला," प्रबुद्धसर म्हणाले. जाताना नानासोंना म्हणाले, "दुसरीकडून करून घेऊ."

नानासो त्यांच्या मागे धावले. मी मराठ्याची बाई, मेजरची बायको. आक्काताईंना आणि प्रबुद्धसरांना काय वाटलं असेल ते त्यांनी न बोलताच कळलं. देवाशपथ, मी मुद्दाम काही केलेलं नाही. पण बाई शेजारी बसलेली मला दिसत नाही आणि केलेलं काम केलं की नाही तेही मला कळत नाही. म्हणजे ते आलं. आईचं ते माझ्यापर्यंत आलं.

१४ सप्टेंबर

यांनी विचारलं, "समितीला आवडलं का?" मी हो म्हणाले.

१६ सप्टेंबर

अक्षता परत आली. तिला नानासोंच्या ऑफिसमधून कळलं होतं. सकाळीच मला घेऊन क्लासात गेली, दार लावलं आणि माझी पहिल्यापासूनची सगळी कामं एकेक करून उघडली. खुर्ची, टेबल, कपाट, देवघर. सगळी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही कुठे काय चुकता ते मला समजलं. तुम्ही विसरत नाही. सगळ्यांची एकच बाजू नाहीये. दर वेळी डावीच."

मला पटेना. ती म्हणाली, "विहार उघडते. आता नुसतं बघा." तिने बाणाची कळ दाबून धरली. दालन सावकाश गोल फिरायला लागलं.

कसं लिहू? माझ्या खिडक्यांची भिंत सरकत सरकत नाहीशी झाली. आणि उजवीकडून एक भिंत आत आली. कोरी. तिच्यावर काहीच नव्हतं. ती सगळा वेळ तिथेच होती. मी तिच्याकडे बघून चित्र पुरं झालं म्हणाले होते, रडले होते. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, कोयनेच्या भूकंपातसुद्धा. तेव्हा निदान सगळ्यांचीच जमीन हलत होती.

मी अक्षताला म्हटलं, "ती भिंत मला दिसली नाही तर आणखी काय काय दिसत नसेल गं?" ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मला तिची समजूत काढावी लागली.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. सगळं, आईच्या भीतीपर्यंत. हे उठून माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुठे आहे?" मला वाटलं, खोलीतून बाहेर गेले.

१८ सप्टेंबर

मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी समोर बसून दोन्ही हात बाजूला धरले, "बोट हलताना दिसलं की सांगा." उजवीकडचं लगेच दिसायचं. डावीकडचं अगदी नाकासमोर आल्यावर. मग डोक्याचा स्कॅन काढला. थंड खोली, गोल यंत्र, आणि त्यांच्या पडद्यावर माझं डोकं, काप काप करून. मला त्याही स्थितीत वाटलं, हेसुद्धा मॉडेलच की.

मेंदूवर उजव्या अंगाला गाठ आहे. लिंबाएवढी. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. पण डावीकडचं मेंदू घेतच नाही, आणि घेत नाही हे तुम्हाला सांगतही नाही. बरीच वर्षं हळूहळू वाढली असणार."

मी विचारलं, "म्हणजे विसरण्याचा तो आजार नाही?"

"नाही, तो नाही."

मी हसले. हंबीरराव माझ्याकडे बघतच राहिले. मग डॉक्टर कवटी उघडण्याबद्दल बोलायला लागले आणि माझं हसू गेलं. साधी गाठ असावी, पण काढल्याशिवाय सांगता येणार नाही. काढताना काय होईल तेही सांगता येणार नाही. डावा हातपाय जाऊ शकतो. डावीकडचं परत येईलच असं नाही. अठ्ठावीसला ऑपरेशन.

गाडीत हे म्हणाले, "ठेचा." एवढंच. आणि मग गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण यांना पुढचं दिसेना.

घरी आल्यावर मी रंगुबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "गप बसा, बाई," आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

२० सप्टेंबर

नानासोंना म्हटलं, पैसे नकोत, समितीने चित्र घेतलं नाही तरी चालेल, पण मला ते पुरं करू द्या. त्यांनी चावी दिली. प्रबुद्धसरांना त्यांनीच फोन करून सगळं सांगितलं. "आक्कांना सांगतो," म्हणाले म्हणे.

अक्षताला मी हात लावू दिला नाही. कॅमेरा उचलून बुद्धमूर्तीच्या बाजूला नेला आणि दाराकडे तोंड केलं. गावाकडची भिंत माझ्या उजवीकडे आली. मग एकेक खोकं घुसवलं, एकेक वजा केलं. मिरर वापरलं नाही. नदीकडच्या खिडक्यांची प्रत म्हणून या खिडक्या मला करायच्या नव्हत्या. सवयीने सगळ्या खिडक्यांना गजही घातले. शेवटी कॅमेरा पुन्हा दारात आणला. मला पुन्हा निम्मंच दिसलं. अक्षता म्हणाली, "आहेत काकू. पाचही आहेत." तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. आता बऱ्याच गोष्टींवर असाच ठेवावा लागणार.

२७ सप्टेंबर, मिरज, हॉस्पिटल

उद्या सकाळी. केस काढून झाले. आरसा मागितला नाही.

मी फार घाबरले आहे. हे यांना सांगत नाही, कारण हे माझ्याहून जास्त घाबरलेत आणि सारखे नर्सना सूचना देताहेत. नर्सने एकदा विचारलं, "साहेब, ऑपरेशन कुणाचंय?"

दुपारी आक्काताई आल्या. प्रबुद्धसर त्यांना एसटीने घेऊन आले. कराडला गाडी बदलायची, एवढा प्रवास. पिशवीत भाजलेल्या शेंगा. मी म्हटलं, "आक्काताई, माझ्यावर राग आहे?"

"व्हता की. लय व्हता. जाताना गाडीत प्रबुद्धाला म्हटलं, त्या बाईच्या पडद्यावर शेन मारून याया पायजे व्हतं." प्रबुद्धसर खिडकीबाहेर बघायला लागले. "आता न्हाई. आवं, आमच्याकडं न बघनारी मानसं म्या जलमभर बघितली. पर खरंच दिसत न्हाई म्हनून न बघनारी तुमी पैलीच."

मला हसू आलं. डोकं दुखलं, तरी आलं.

चित्राची छापील प्रत त्यांनी बघितली होती. "खिडक्या झ्याक झाल्यात. पर गज कशापायी घातलं?"

"सगळ्याच खिडक्यांना असतात."

"चोरायला काय हाय त्यात? आन् आमी काय कोंडून बसनार हाय व्हय? काढा ते."

मी म्हटलं, अक्षताला सांगते, ती उद्या काढेल.

"तिनं न्हाई. तुमी घातलं, तुमीच काढा. दसऱ्याला न्हाई जमलं तर दिवाळीला काढा. आमाला घाई न्हाई." असं म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

दिवाळी. डॉक्टरांनीसुद्धा माझ्यासमोर इतक्या पुढचा शब्द काढला नव्हता.

नर्सने त्यांना सांगितलं, "आजी, उजवीकडे बसा, म्हणजे बाईंना दिसाल." आक्काताई म्हणाल्या, "तिकडं त्यांचं मालक हायेत की. ह्या अंगाला कोन हाय?" आणि डावीकडेच स्टूल ओढलं. प्रबुद्धसर डब्याचं बघायला गेलेत. आज त्या राहणार आहेत.

उजव्या हाताने हे लिहिते आहे. डावा हात त्यांच्या हातात आहे. खरबरीत, शेंगांच्या फोलपटांचा हात. भीती कमी झालेली नाही. थोड्या थोड्या वेळाने मी मान पार वळवून बघते.

आहेत.